साठवणीचा गारवा

एसी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार पहिला प्रश्न करतो तो टनाचा. एक टन हवा की दीड टन? हा टन नेमका कशाचा, हे सहसा कोणी विचारत नाही. यंत्राचे वजन तर तेवढे नसते. हा टन बर्फाचा आहे. दोन हजार पौंडांचा एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तितक्याच वेळात खोलीबाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. आजच्या एककात सांगायचे तर ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने दिवसरात्र चालला, तर तो सुमारे १,३६० किलो बर्फाचे काम करतो.

बर्फाशी काहीही संबंध न उरलेल्या यंत्राच्या माथी हे माप राहिले, ते एका विसरलेल्या काळाची खूण म्हणून. त्या काळी गारवा वजनावर विकला जाई, कारण तो आधी तयार करून साठवला जाई आणि मग वापरला जाई. तयार करण्याची वेळ वेगळी, वापरण्याची वेळ वेगळी. विजेवर चालणाऱ्या यंत्राने हे अंतर पुसून टाकले. बटण दाबले की त्याच क्षणी गारवा, आणि त्याच क्षणी कुठेतरी वीजकेंद्रावर तितका भार. आज भारताच्या वीजव्यवस्थेला उन्हाळ्यात जो घाम फुटतो, त्याचे एक मोठे कारण या एकाच क्षणात दडलेले आहे. म्हणूनच गारवा साठवण्याची जुनी कल्पना नव्या पदार्थांसह इमारतींत परतू पाहत आहे. तिचा प्रवास समजून घेतला, तर तिच्याकडून काय मिळू शकते आणि काय नाही, हे दोन्ही स्पष्ट होते.

भारतात हा प्रवास यंत्रांच्या कितीतरी आधी सुरू होतो. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त बादशहाच्या आबदारखान्याचे वर्णन आहे. तिथे सोरा विरघळवलेल्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचे पाणी गार केले जाई. दरबार पंजाबात असताना उत्तरेच्या डोंगरांतून लाहोरला बर्फही आणला जाई. पण त्याहून आश्चर्याची कला होती गंगा-यमुनेच्या मैदानातली. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादच्या बर्फ करणाऱ्यांची पद्धत नोंदवून ठेवली. सुमारे तीस फूट लांबीरुंदीचे आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे, तळाशी उसाच्या चिपाडांचा किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर घालायचा, त्यावर उकळून निवलेल्या पाण्याची उथळ, कच्च्या मातीची भांडी ओळीने मांडायची. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या निरभ्र, निवांत रात्री या भांड्यांत पहाटेपर्यंत बर्फ धरलेला असे. सूर्योदयापूर्वी माणसे तो गोळा करीत आणि चौदा-पंधरा फूट खोल, गवत व जाड घोंगड्यांनी मढवलेल्या तळघरात दाबून भरीत. उन्हाळ्यात तो बाहेर निघे.

हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही पाणी का गोठे, याचे उत्तर आकाशात आहे. कोरड्या, निरभ्र रात्री पाण्याचा पृष्ठभाग आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर सोडतो आणि तितकी परत मिळवत नाही. चिपाडांचा थर जमिनीची ऊब अडवतो, मातीच्या भांड्यांतून होणारे बाष्पीभवन थोडी भर घालते. या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांनी हिवाळ्यातील रात्रीचा गारवा उन्हाळ्यातील दुपारपर्यंत पोहोचवला होता.

बर्फच का? नुसते थंड पाणी साठवले तर काय बिघडते? या प्रश्नाचे उत्तर त्याच सुमारास हजारो मैल दूर ग्लासगो येथे मिळाले. १७६१ च्या हिवाळ्यात जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञाने दोन सारख्या काचपात्रांत समान वजनाचे पाणी घेतले. एकातले गोठवले, दुसऱ्यातले गोठणबिंदूच्या जेमतेम वर आणून ठेवले, आणि दोन्ही पात्रे एकाच खोलीत टांगली. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइटने वाढले. बर्फाला वितळून त्याच तापमानाला पोहोचायला साडेदहा तास लागले. उष्णता दोन्ही पात्रांत सारख्याच वेगाने शिरत होती, मग एवढा वेळ ती गेली कुठे? तापमापीला न दिसता ती बर्फाचे पाणी करण्यात खर्च होत होती. ब्लॅकने या उष्णतेला दिलेल्या नावाचा मराठी पाठ्यपुस्तकांतला अवतार म्हणजे 'अप्रकट उष्मा'. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोजूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

इथे भाषेतली एक गफलत दूर करायला हवी. भौतिकशास्त्रात थंडी नावाची वस्तू नाही, वाहते ती उष्णताच. गारवा साठवणे म्हणजे उष्णतेला शिरण्यासाठी रिकामी जागा राखून ठेवणे. पदार्थ अवस्था बदलत असतो, म्हणजे वितळत किंवा गोठत असतो, तेव्हा ही जागा सर्वांत प्रशस्त असते. शिवाय संपूर्ण बर्फ वितळेपर्यंत तापमान हलत नाही. थोड्या जागेत मोठा साठा आणि तोही स्थिर तापमानाला, हे दोन गुण पुढच्या साऱ्या कथेचा पाया आहेत.

या गुणांवर एकोणिसाव्या शतकात एक अख्खा व्यापार उभा राहिला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने मॅसॅच्युसेट्समधील तळ्यांवर हिवाळ्यात धरणारा बर्फ कापून जगभर पाठवायला सुरुवात केली होती. मे १८३३ मध्ये 'टस्कनी' हे त्याचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले, विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा सुमारे शंभर टन बर्फ शिल्लक होता. चार महिन्यांचा उष्ण प्रवास आणि संरक्षण कसले, तर लाकडाचा भुसा व घट्ट रचना. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने ट्यूडरच्या प्रतिनिधीला चांदीचा पेला देऊन गौरवले. पुढे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तिन्ही बंदरांत बर्फघरे बांधली गेली.

मद्रासचे बर्फघर १८४२ सालचे. मरिना किनाऱ्यासमोरची ती गोलाकार दर्शनी भागाची इमारत आजही उभी आहे. पुढच्या पिढीत यंत्रांवर तयार होणारा बर्फ आला. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी स्थापन झाली आणि समुद्रापारच्या बर्फाचा धंदा आटोपला. मद्रासचे रिकामे बर्फघर बिलिगिरी अय्यंगार या वकिलांनी विकत घेतले. १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद तिथे मुक्कामाला होते. आज त्या वास्तूचे नाव विवेकानंदर इल्लम असले, तरी चेन्नईकरांच्या तोंडी परिसराचे नाव 'आइस हाउस' असेच आहे.

यंत्रयुगाने प्रथम बर्फाची नक्कल केली. सुरुवातीची प्रशीतन यंत्रे दिवसाला किती टन बर्फाची जागा भरून काढतात, यावरून त्यांची क्षमता सांगितली जाई, कारण गिऱ्हाइकाला तेच माप कळत असे. टन तिथून आला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर याने न्यूयॉर्कमधील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा आखली आणि आधुनिक वातानुकूलनाचा पाया घातला गेला. बर्फ मधून गळाला, माप तेवढे राहिले. स्वस्त व अखंड वीज मिळत असेल, तर साठवण कशाला, असा साधा हिशेब होता.

वीज अखंड नव्हती, तिथे मात्र साठवण जिवंत राहिली. भारतातील दुग्धशाळांत आइस बँक टाक्या वर्षानुवर्षे वापरात आहेत. दूध येते ते सकाळ-संध्याकाळच्या दोन धारांना, सगळे एकदम, आणि ताबडतोब गार करावे लागते. दिवसभर लहान यंत्राने नळ्यांभोवती बर्फ धरून ठेवायचा आणि धारेच्या वेळी तो वितळवायचा, म्हणजे अवाढव्य यंत्राची गरज उरत नाही. पुण्यातून काम करणाऱ्या प्रोमिथियन पॉवर सिस्टिम्स या कंपनीने खेड्यातील दूध संकलन केंद्रांसाठी हाच विचार पुढे नेला: वीज असेल तेव्हा साठा भरायचा, वीज नसली तरी दूध गार करायचे. लसीकरण कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचलेला आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर याच जातीचा आहे. त्याच्या भिंतींत पाणी गोठवलेले असते, वीज तासन्‌तास गेली तरी लसी दोन ते आठ अंशांत राहतात.

याच लसींनी बर्फाची मर्यादाही दाखवून दिली. धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस-बीची लस गोठली तर निकामी होते. म्हणून आरोग्यसेविका बर्फाची पाकिटे थेट लसीच्या डब्यात ठेवीत नाहीत. त्यांना घाम फुटून आतले पाणी हलवल्यावर खळखळू लागेपर्यंत त्या थांबतात. बर्फ वितळतो तो शून्य अंशाला. हे तापमान निसर्गाने ठरवलेले आहे, कामाच्या गरजेने नव्हे. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनालाही शून्य अंशाची गरज नसते. तिथे सामान्यतः सात अंशांच्या आसपासचे पाणी नळांतून खेळवले जाते. मग सात-आठ अंशांना वितळणारा एखादा 'बर्फ' का नसावा? अवस्थांतर पदार्थांचे शास्त्र या प्रश्नातून वाढले. पण त्याचा पहिला मोठा प्रयोग गारव्याचा नव्हता, उबेचा होता.

हंगेरीत जन्मलेल्या मारिया टेल्केस या शास्त्रज्ञ महिलेने १९४८ मध्ये अमेरिकेतील डोव्हर गावी केवळ सूर्यावर ऊबदार राहणारे घर उभे केले. आराखडा होता एलिनॉर रेमंड यांचा, पैसा अमेलिया पीबॉडी यांचा. साठ्यासाठी टेल्केस यांनी निवडले ग्लाउबर मीठ, म्हणजे प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू बाळगणारे सोडियम सल्फेट. ते सुमारे ३२ अंशांना वितळते, भरपूर उष्णता पोटात घेते आणि गोठताना परत देते. सुमारे २१ टन मीठ पिंपांत भरून भिंतींआड ठेवले गेले. पहिले दोन हिवाळे घर उबदार राहिले. तिसऱ्यात साठ्याने दगा दिला.

कारण रसायनात होते. हे मीठ वितळते तेव्हा ते पूर्णपणे स्वतःच्या पाण्यात विरघळत नाही. काही निर्जल सोडियम सल्फेट वेगळे होऊन तळाशी बसते. पुन्हा थंड केल्यावर तळचे मीठ आणि वरचे पाणी यांची गाठ पडत नाही, आणि प्रत्येक फेरीत साठ्याचा थोडा भाग कायमचा निकामी होतो. त्यात पिंपे गंजली. दुसरा दोष अतिशीतनाचा. गोठणबिंदूखाली जाऊनही मीठ द्रवच राहते, कारण स्फटिकाला वाढायला पहिला कण सापडत नाही. त्यावर टेल्केस यांनी उपाय शोधला, टाकणखाराचा. त्याच्या स्फटिकांची घडण ग्लाउबर मिठाशी जुळणारी असल्याने ते विरजणाचे काम करतात. तळाशी बसणाऱ्या मिठासाठी पुढे द्रव घट्ट करणारे पदार्थ मिसळले गेले.

टेल्केस अपयशानंतर थांबल्या नाहीत. १९७३ मध्ये डेलावेअर विद्यापीठाच्या 'सोलर वन' या प्रायोगिक घरात त्यांचे मीठ उलट कामाला लागले. त्यात साधे मीठ आणि नवसागर मिसळून वितळणबिंदू सुमारे १३ अंशांवर आणला गेला, म्हणजे तेच कुटुंब आता गारवा साठवू लागले. मिश्रणांचे प्रमाण बदलत अमेरिकेत सुमारे आठ अंशांना वितळणारे क्षारही बाजारात आले आणि ते कार्यालयांच्या तळघरांतील टाक्यांत पोहोचले. दिवसाच्या महाग विजेपासून सुटका, हा त्यामागचा साधा आर्थिक हेतू होता.

भारतात हाच हेतू शतकअखेरीस दिसू लागला. व्यापारी ग्राहकाला वापरलेल्या युनिटांखेरीज कमाल मागणीचाही आकार भरावा लागतो. महिन्यात एकदाच मागणी उसळली, तरी पैसे तिचे. चेन्नईतील तरमणी येथील टायडल पार्क या माहिती तंत्रज्ञान संकुलाचे उद्घाटन जुलै २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. त्याच्या वातानुकूलनाला औष्णिक साठ्याची जोड देण्यात आली होती. ज्या शहरात बोस्टनचा बर्फ उतरत असे, तिथेच दीडशे वर्षांनी गारव्याची कोठारे परतली. याच शहरातील अण्णा विद्यापीठात आर. वेलराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवस्थांतर पदार्थांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. पुढे गुजरातमधील गिफ्ट सिटीत अनेक इमारतींना एकाच केंद्रातून थंड पाणी पुरवणारी यंत्रणा आली, तिच्यातही साठ्याला स्थान मिळाले.

साठवणीचे हे तीन मार्ग एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे आहेत. एक घनमीटर पाणी सहा अंशांनी थंड करून ठेवले, तर त्यात सुमारे ७ किलोवॅट-तास गारवा मावतो. तेवढ्याच जागेतील बर्फात ८५. क्षारांचा साठा या दोहोंच्या मध्ये येतो. जागेचा प्रश्न बर्फाने जिंकला, मग क्षारांची यातायात कशासाठी?

उत्तर उष्मागतिकीत आहे. उष्णता थंड जागेतून गरम जागेत ढकलायची तर दोन तापमानांत जितके अंतर अधिक, तितकी वीज अधिक. आदर्श यंत्र एक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता हलवेल, हे कार्नोच्या सूत्राने काढता येते: थंड बाजूचे केल्व्हिनमधील तापमान भागिले दोन बाजूंमधील अंतर. कडक दुपारी यंत्राची गरम बाजू ४५ अंशांवर आणि थंड बाजू २ अंशांवर असेल, तर हा आकडा ६.४ येतो. बर्फ करायचा तर थंड बाजू उणे ८ पर्यंत उतरवावी लागते. पण रात्री बाहेरची हवा गार असते. गरम बाजू ३५ अंशांवर आली, तर बर्फ करूनही आकडा ६.२ पडतो. म्हणजे बर्फाचा तोटा रात्रीचा गारवा जवळजवळ भरून काढतो. प्रत्यक्ष यंत्रांचे आकडे याहून बरेच कमी असतात, पण तुलनेची दिशा हीच राहते. रात्री गोठवा, दुपारी वितळवा, हे जुने सूत्र या हिशेबावर टिकून होते. अलाहाबादच्या कारागिरांचेही सूत्र हेच होते, फक्त त्यांचे यंत्र आकाश होते.

आता घड्याळ उलटे फिरले आहे. २०२५ च्या सुरुवातीला भारताची सौर वीजक्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. दुपारची वीज मुबलक होऊ लागली आणि चणचण सरकली सूर्यास्तानंतर. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली होती. अशा दिवसांत दुपारचा भार सूर्य उचलतो, पण तापलेल्या भिंती आणि गच्च्या रात्रीही उष्णता सोडत राहतात. लोक घरी परततात, एसी सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी सौर पटले थंडावतात. मग तो भार मुख्यतः कोळशावर येतो. जून २०२३ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत केलेली दुरुस्ती याच बदलाची नोंद घेते. दिवसातील सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत अधिक असावा, असे ती सांगते. व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती वगळून इतरांसाठी १ एप्रिल २०२५ या तारखा तिने ठरवल्या. प्रत्यक्ष दर ठरवणे राज्यांच्या वीज नियामक आयोगांच्या हाती आहे.

म्हणजे साठा आता दुपारी भरायचा आणि रात्री रिकामा करायचा. दिसायला हा वेळापत्रकातला फेरबदल आहे, पण त्याने बर्फाचा जुना आधार निघून जातो. ४५ अंशांच्या दुपारी उणे ८ अंशांवर बर्फ केला, तर कार्नोचा आकडा ५.० वर घसरतो. त्याच दुपारी आठ अंशांना गोठणारा क्षार भरायचा असेल, तर थंड बाजू शून्यावर ठेवून भागते आणि आकडा ६.१ राहतो. रात्रीच्या साठवणीत क्षार ही एक सोय होती. दुपारच्या साठवणीत तो मुख्य दावेदार ठरतो. टेल्केस यांच्या मिठाला पाऊण शतकानंतर असे नवे महत्त्व आले आहे.

तरीही साठवणीकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. साठा वीज निर्माण करत नाही, बहुधा थोडी अधिकच वापरतो. तो वाचवतो ती वेळ. आठ अंशांच्या क्षारातून बाहेर पडणारे पाणी नऊ-दहा अंशांचे असते, त्यामुळे खोल्यांतील यंत्रणा मोठी लागते. किनाऱ्यावरच्या दमट शहरांत हवेतील ओल काढणे कठीण जाते. दुसरी अडचण उष्णतेच्या वाटेची आहे. गोठण्याची सुरुवात नळीच्या पृष्ठभागावर होते, आणि गोठलेला थरच पुढच्या द्रवाला नळीपासून तोडतो. पदार्थ उष्णतेचा मंद वाहक असेल, तर साठा मोठा असूनही तो हवा तेव्हा, हवा तितक्या वेगाने बाहेर येत नाही. मेणासारखे पॅराफिन पदार्थ रासायनिकदृष्ट्या शांत असतात, थर पडून बिघडत नाहीत. पण बर्फाच्या तुलनेत त्यांची उष्णतावाहकता सुमारे दशांश असते, आणि ते पेट घेतात. क्षार पेटत नाहीत, पण गंज आणतात.

भिंतीत किंवा छतात पंचवीस ते अठ्ठावीस अंशांना वितळणारा पदार्थ बसवून, यंत्राविना घर गार ठेवण्याचा मार्गही अभ्यासला गेला आहे. दिवसा तो वितळून उष्णता शोषतो, रात्रीच्या गार वाऱ्याने पुन्हा गोठतो. दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल, तिथे हे जमते. मे महिन्यातल्या चेन्नईत मात्र रात्रही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांखाली सहसा उतरत नाही. तिथे असा पदार्थ एकदा वितळला की वितळलेलाच राहतो आणि भिंतीतली एक निरुपयोगी वस्तू होऊन बसतो. हवामान बदलामुळे रात्री अधिक उष्ण होत जातील, तसा या मार्गाचा प्रदेश आक्रसत जाईल.

मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या शीतलीकरण कृती आराखड्यातील अंदाज या पार्श्वभूमीवर वाचायला हवेत. २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची गारव्याची एकूण मागणी सुमारे आठपट होईल, इमारतींतली तर सुमारे अकरापट. त्या पायाभूत वर्षी जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. वीस वर्षांनी तो चाळीस टक्के घरांत असेल, असे आराखडा मांडतो. आजवर साठवण पोहोचली ती तळघर, अभियंते आणि कमाल मागणीचे बिल असणाऱ्या मोठ्या इमारतींत. येणारी वाढ मात्र दोन खोल्यांच्या घरांतली आहे. तिथे तळघर नसते, अभियंताही नसतो. संध्याकाळचा भार पेलण्यासाठी नवी वीजकेंद्रे उभारावी लागली, तर त्यांचा खर्च विजेच्या दरात उतरतो आणि तो दर एसी नसलेल्या घरालाही भरावा लागतो. वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखाली पंख्यावर रात्र काढणारा माणूस शेजारच्या गारव्याचे भाडे देतो, असा हा हिशेब आहे.

दीड टनाचा घरगुती एसी रात्री चार तास पूर्ण क्षमतेने चालवायला सुमारे २३० किलो बर्फ पुरेसा आहे. म्हणजे अडीचशे लिटरची टाकी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीहून लहान. क्षारांसाठी साधारण दुप्पट जागा लागेल. आकार अशक्य नाही. अशक्यप्राय आहे ती पदार्थाची अट: आठ-दहा अंशांना वितळावा, थर पडू नयेत, गंज आणू नये, पेटू नये, स्वस्त असावा, आणि रोज एकदा याप्रमाणे दहा वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक वेळा वितळून गोठल्यावरही पहिल्या दिवसासारखा वागावा. डोव्हरचे घर तीन हिवाळ्यांत थकले. त्यानंतरची सारी संशोधने त्या तिसऱ्या हिवाळ्याच्या पलीकडे जाण्यासाठी चालली आहेत.

मरिनावरच्या त्या जुन्या बर्फघराच्या जाड भिंतींआड एकेकाळी दुसऱ्या खंडावरचा हिवाळा साठवलेला असे, आणि तो मोजक्याच श्रीमंतांच्या पेल्यांत उतरे. आता साठवायची आहे ती इथलीच दुपार. ती किती घरांपर्यंत पोहोचेल, हे एखाद्या प्रयोगशाळेतल्या बारक्या नळीत हजाराव्या वेळी गोठणाऱ्या मिठावर अवलंबून आहे. ते मीठ शोधण्याचे काम अजून पूर्ण झालेले नाही.